मॅक्सिमाची मराठी मदत: जून ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

८ जून, रविवार

मॅक्सिमा म्हणजे संगणकावर गणितं सोडवायचं मोफत सॉफ्टवेअर. महाविद्यालयं सुरू व्हायच्या आत त्याची आमची मराठी मदतपानं एकदा झाडून-पुसून घ्यायची म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीला सरांकडे बसलो. सर निवृत्त झाले, पण त्यांची लाल शाई अजून वाळलेली नाही. एम.एस्सी.च्या दोघी, डिप्लोमाचा एक पोरगा आणि मी.

आत्ताची पानं मूळ मॅन्युअलच्या वळणाची आहेत: एक फंक्शन, एक पान. सॉल्व्ह, डिफ, इंटिग्रेट, फॅक्टर. मॅक्सिमाच्या पोटातली मदतही तशीच चालते. एक प्रश्नचिन्ह, मग जागा सोडून फंक्शनचं नाव, की त्याचं वर्णन समोर. दोन प्रश्नचिन्हं दिली तर तो तुकडा ज्या ज्या नावात आहे त्या सगळ्यांची यादी. ज्याला नाव ठाऊक आहे त्याची उत्तम सोय. प्रॅक्टिकलला बसलेल्या पोराला नाव ठाऊक नसतं, उत्तर आलं नाही एवढंच ठाऊक असतं. डिप्लोमाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, मदत उघडली तरी त्यात काय शोधायचं त्येच म्हाईत नसतंय." यावर सरही काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं.

ठरलं असं: फंक्शनची पानं आहेत तशी राहू देत. त्यांच्या पुढं नवा विभाग, अडलेल्या जागांचा. पानाचं शीर्षक म्हणजे पडद्यावर जे दिसतं तेच, शब्दाला शब्द.

(या नोंदीत कमांडसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. पानांवर त्या रोमनमध्येच असतात आणि त्यातले आकडेही इंग्रजी, कारण मॅक्सिमा देवनागरी ५ ला आकडा मानतच नाही.)

१२ जून

लॅबमध्ये मागच्या बाकावर बसून नुसतं बघितलं. कुणाला काही सांगायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

पहिला अडथळा गणिताचा नाहीच. डब्ल्यूएक्समॅक्सिमात, म्हणजे मॅक्सिमा ज्या खिडकीतून वापरतात तिथे, एंटर दाबलं की खाली नवी ओळ येते, कमांड चालत नाही. चालवायला शिफ्ट धरून एंटर. हे ज्याला कुणी सांगितलं नाही तो एंटर, एंटर, एंटर करत पांढऱ्या पानावर खाली खाली जातो आणि मशीन बंद पडलं म्हणतो. दुसरा अडथळा गुणाकाराच्या चिन्हाचा. वहीत आपण दोन आणि एक्स शेजारी शेजारी लिहितो, गुणाकार मनातल्या मनात असतो. तेच इथे टाकलं की 'इनकरेक्ट सिंटॅक्स: एक्स इज नॉट ॲन इन्फिक्स ऑपरेटर'. मॅक्सिमानं २ वाचला, पुढं एखादं चिन्ह असणार म्हणून बघितलं, तिथे एक्स भेटला, म्हणून तो विचारतोय की हे कसलं चिन्ह. संदेश खरं तर चोख आहे. पण ज्यानं 'इन्फिक्स' हा शब्द जन्मात ऐकला नाही त्याला तो शिवीसारखा वाटतो.

पाय. म्हणजे π. पोरं 'पाय' एवढंच टाकतात. मॅक्सिमाचा पाय टक्क्याच्या चिन्हानं सुरू होतो. ई आणि काल्पनिक आय यांचंही तसंच. टक्का नसला तर तो कुठल्याही अक्षरासारखा एक चल. त्यामुळे 'फ्लोट' करून, म्हणजे दशांशात, २*पाय मागितलं की उत्तर येतं २.० पाय. चुकीचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. अशी जागा जास्त वाईट, कारण तिथे शोधायला शब्दच हाती लागत नाही.

१५ जून, रविवार

आजचा सगळा वेळ 'बरोबर'च्या चिन्हाच्या पानात गेला, आणि तो जाणारच होता.

ए = ५ टाकलं. मॅक्सिमानं ए = ५ असं सुंदर छापून दिलं. पुढच्या ओळीत ए + १ मागितलं, उत्तर ए + १. आता पोराचा विश्वास कुठे उडतो बघा: यंत्रानं 'हो' म्हटलं आणि लगेच विसरलं! खरं म्हणजे मॅक्सिमात नुसतं = म्हणजे समीकरण. ते खरं की खोटं याचा निवाडा तो करत नाही आणि काही साठवूनही ठेवत नाही. किंमत द्यायला अपूर्णविराम, म्हणजे ए : ५. फंक्शन ठरवायला अपूर्णविराम आणि बरोबर, := असं एकत्र.

घोळ वाढतो तो शेजारच्या विषयामुळे. त्याच पोराला त्याच सत्रात पायथॉन आहे. तिथे = नं किंमत दिली जाते आणि तुलना == नं होते. सेजमॅथ या गणिताच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही पायथॉनचीच पद्धत, समीकरण लिहायचं तर ==. म्हणून पानावर वाक्यांऐवजी एकच लहान तक्ता ठेवला: काय करायचंय, मॅक्सिमात कसं, पायथॉनमध्ये कसं. सरांचं म्हणणं, दुसऱ्या भाषेचा उल्लेख आपल्या मदतीत कशाला. माझं म्हणणं, पोरगं ते डोक्यात घेऊनच येतं. तक्ता राहिला.

१९ जून

पडद्याची चित्रं काढून टाकली, सगळी. निम्मी जुन्या आवृत्तीची होती, मेनू आता तसे दिसत नाहीत. फोनवर ती वाचताही येत नव्हती. चित्रातली कमांड उचलून चिकटवता येत नाही हे तर आहेच.

२२ जून, रविवार

उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या दादांचा फोन. त्यांचा पुतण्या आपल्याकडे शिकतो, त्यानं मॅक्सिमा घालून दिलंय. दादांना टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता दांडा, काढायचा होता: मोठा व्यास ५० मिमी, लहान ४०, लांबी ६०. कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवायचा लेथचा भाग) किती अंशांनी फिरवायची? सूत्र त्यांना तोंडपाठ. व्यासांतला फरक भागिले दुप्पट लांबी, त्याचा टॅन इन्व्हर्स. १० भागिले १२०. मॅक्सिमानं आधी नुसतंच 'एटॅन १/१२' छापलं, पुतण्यानं फ्लोट लावल्यावर ०.०८३१. "मॅडम, ह्यो पॉइंट शून्य आठ डिग्री लावायचा कुठं? स्लाइडवर एवढी बारीक रेघच न्हाई."

उत्तर रेडियनमध्ये आहे. १८० नं गुणून पायनं भागलं की ४.७६ अंश, आणि दादा म्हणाले, "हां, आता कसं." उलट बाजूनंही तेच होतं: साइन ३० मागितलं की अर्धा यायच्या ऐवजी फ्लोटनंतर −०.९८८ येतं, कारण ते ३० रेडियन.

ही माहिती आमच्याकडे आधीपासून होती. त्रिकोणमितीय फंक्शनच्या पानावर, तळाशी, 'कोन रेडियनमध्ये मोजले जातात' असं एक वाक्य. वाक्य बरोबर, जागा फुकट. आता वेगळं पान केलं: 'कोनाचं उत्तर फारच लहान आलं' आणि खाली 'साइन ३० अर्धा येत नाही'. उदाहरण दादांच्याच टेपरचं, त्यांची परवानगी घेऊन. आत दोन ओळींची स्वतःची फंक्शनंही दिली, अंश घेणारा साइन आणि अंश देणारा एटॅन, म्हणजे दर वेळी १८० आठवायला नको.

२९ जून, रविवार

एक्सचा एन वा घात, त्याचं इंटिग्रेशन. मॅक्सिमा उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारतो: एन ही −१ आहे का? बरोबरच आहे, −१ असेल तर उत्तर लॉगमध्ये जातं, नसेल तर नेहमीचं सूत्र. वहीत आपण कंसात 'एन ≠ −१' लिहून पुढं जातो. तो मात्र थांबतो. आणि पोरांना तो अडकलाय असं वाटतं. ती पुढची कमांड टाकतात, मॅक्सिमाला ती आपल्या प्रश्नाचं उत्तर वाटते, तो पुन्हा तेच विचारतो. लॅबमध्ये हा तमाशा चांगलाच रंगतो.

पानाचं शीर्षक: 'इज एन इक्वल टू −१?' खाली पहिल्याच ओळीत काय टाकायचं ते: नो आणि अर्धविराम. मग का विचारतो ते. मग प्रश्न टाळायचा कसा: आधीच 'असूम', म्हणजे 'असं गृहीत धर', देऊन ठेवायचं. ई च्या घातात −ए एक्स वर्ग असलेलं इंटिग्रेशन शून्यापासून अनंतापर्यंत मागितलं तर तो ए धन, ऋण की शून्य असं विचारतो. तिथे आधी ए > ० असूम केलं की गप्प उत्तर देतो. या पानावर मी खूश आहे.

६ जुलै, आषाढी

सरांचा उपवास, त्यामुळे चर्चेला धार. 'ओळख' पान छाटायला घेतलं. सरांना सगळा इतिहास हवा, पोरींना एकही ओळ नको. मध्य साधला.

राहिलं ते असं: मॅक्सिमाचा बाप म्हणजे मॅकसिमा, तो अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ पासून लिस्प भाषेत घडत गेला. त्याची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे होती. टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर ती १९८२ पासून सांभाळत होते, आणि १९९८ मध्ये त्यांनी विभागाकडून ती जीपीएल परवान्याखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. तेव्हापासून स्वयंसेवक काम पुढं नेताहेत. १९६८ ची ओळ ठेवायचा माझा आग्रह होता. आयपॅडवर वाढलेल्या पोराला प्रत्येक ओळीला आय-१, ओ-१ असे क्रमांक का, उत्तर ताऱ्यांनी आणि रेघांनी का रेखाटलंय असं वाटतं, तेव्हा सांगता येतं की हे टंकयंत्रासारख्या टर्मिनलच्या काळातलं वळण आहे. तेच टक्का-ओ-१ वापरून आधीचं उत्तर पुढं घेता येतं, हे त्याच परिच्छेदात घातलं. इतिहास संपून उपयोग कुठे सुरू झाला ते कळत नाही, हे चांगलं.

१३ जुलै, रविवार

तपासणीची स्क्रिप्ट उभी राहिली. एम.एस्सी.च्या दोघींपैकी धाकटीनं पायथॉनमध्ये लिहिली. पानाच्या मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या) फाइलमधून कमांडचे तुकडे उचलायचे, मॅक्सिमाला बॅचमध्ये, म्हणजे एका दमात, द्यायचे, आलेलं उत्तर पानावरच्या उत्तराशी ताडायचं. कल्पना आमची नव्हे. मॅक्सिमाचं मूळ मॅन्युअल टेक्सइन्फो नावाच्या मांडणीत आहे; त्यातल्या उदाहरणांभोवती टिप्पणीत सुरुवातीची आणि शेवटची खूण असते, आणि एक स्क्रिप्ट ती उदाहरणं पुन्हा सोडवून घेऊन उत्तरं जागच्या जागी भरते. सेजमॅथमध्ये तर फंक्शनच्या मदतीतलं उदाहरण हीच चाचणी असते, नव्या फंक्शनला उदाहरण नसेल तर ते आत घेतच नाहीत.

पहिल्या फेरीत लाल रंगाचा पूर आला, आणि त्यातलं बहुतेक खोटं. घात वरच्या ओळीत आणि पाया खालच्या ओळीत छापला गेला की जागांचा हिशेब जुळत नाही. 'डिस्प्ले टू-डी' बंद केल्यावर सगळं एका ओळीत आलं. दशांशाचं शेपूट: मॅक्सिमा लिस्प भाषेच्या एकाहून जास्त प्रकारांवर चालतो, शेवटचे एकदोन अंक सगळीकडे सारखेच येतील असा भरवसा धरता येत नाही, म्हणून 'एफपी प्रिंट प्रेक' लावून छापायचे अंक कमी केले. आणि इंटिग्रेटचं ते पान! तिथे मॅक्सिमानं विचारलं, उत्तर द्यायला कोणी नाही, तपासणी तिथेच बसून. त्या एका पानाला सूट दिली आहे, नावानिशी, कारणासह.

खरी सापडलेली चूक एकच जातीची: अवतरणचिन्हं आणि वजाबाकी. ज्या पानांचा मजकूर वर्ड प्रोसेसरमधून आला होता, तिथे सरळ अवतरणचिन्हाची वाकडी आणि वजाचा लांब डॅश झाला होता. डोळ्याला फरक दिसत नाही, मॅक्सिमाला दिसतो. आता फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) जातानाच असे डॅश आणि अशी चिन्हं कमांडच्या तुकड्यात आढळली तर ती परत पाठवली जाते.

१८ जुलै, शुक्रवार

आषाढातली रीत, गल्लीतून त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाजतगाजत निघालं होतं. पी-ढबाक वाद्यं दारातच, त्यामुळे धाकटीशी फोनवर अर्धं बोलणं 'काय?' आणि 'व्हय' यातच गेलं. मुद्दा एवढा: शोधात 'पायऱ्या' टाकलं की काहीच येत नाही, आणि पायऱ्या तर पानोपानी आहेत.

कारण शोधायला संध्याकाळ लागली. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर, हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. आमच्या पानांत दोन्ही आहेत, कारण लिहिणारे वेगळे आणि कीबोर्ड वेगळे. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. आता सूची बनवताना आणि शोधाचा शब्द घेताना दुसरा प्रकार पहिल्यात बदलतो. दुसऱ्या, चौथऱ्या, कोपऱ्यातला, सगळे सापडू लागले.

शोधाची नोंदवही चाळली तर पुष्कळ जण रोमनमध्ये मराठी टाकतात. 'लॉग कसा काढायचा' हे इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक अडलेल्या पानाच्या डोक्यात आता तशा दोन-तीन ओळी लपवून ठेवतोय.

२७ जुलै, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. बैठक फोनवरच. पण आजची नोंद मोठी होणार, कारण प्रश्न सुरेख आला.

अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, ऑक्टेव्हवाला (ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं दुसरं सॉफ्टवेअर). भास्कराचार्यांनी बीजगणितात चक्रवाल पद्धतीनं सोडवलेलं उदाहरण त्यानं कुठं वाचलं: ६१ पट एका वर्गात १ मिळवला तर वर्गच यावा. सर्वांत लहान उत्तर, २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. पाच शतकांनंतर, १६५७ मध्ये, फर्मा या फ्रेंच गणित्यानं हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणित्यांपुढं टाकलं होतं. पोरानं पडताळा घ्यायचा म्हणून ऑक्टेव्हमध्ये टाकलं:

१७६६३१९०४९^२ − ६१*२२६१५३९८०^२

उत्तर शून्य. १ यायला हवं. त्याचा प्रश्न: "भास्कराचार्य चुकले की ऑक्टेव्ह?" मॅक्सिमात हीच ओळ टाकली, उत्तर १.

आमची मदत मॅक्सिमाची, तरी हे पान इथेच हवं, कारण माणूस दोन सॉफ्टवेअरची दोन उत्तरं घेऊनच दारात येतो. कागदावर करून पाहिलं. पहिला वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१, दुसरी बाजू ३११९८८२९८२८६०२६४४००. ऑक्टेव्ह साधा आकडा ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट मांडणीत ठेवतो आणि त्यात अंकांची अचूकता ५३ बिटांचीच असते. म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक, त्यापुढं गाळे पडत जातात. आपल्या १९ अंकी संख्येच्या आसपास दोन शेजारी संख्यांत ५१२ चं अंतर आहे. दोन्ही बाजू एकाच जवळच्या गाळ्यात जाऊन बसतात: ३११९८८२९८२८६०२६४४४८. त्यातून तेच वजा, शून्य. बेरीज-वजाबाकीत काही चुकलं नाही. वजाबाकी सुरू व्हायच्या आधीच तो १ गेलेला.

३ ऑगस्ट, रविवार

पान लिहून झालं: 'दोन सॉफ्टवेअर, दोन उत्तरं'. धाकटीनं ऑक्टेव्हमधला उपायही तपासला. दोन्ही संख्या आधी 'इंट ६४', म्हणजे ६४ बिटांचे पूर्णांक, करून घ्यायच्या आणि मग गुणायच्या, की १ येतो. पण ही पळवाट ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच. त्यापुढं ऑक्टेव्ह कुरकुर न करता त्या टोकाच्याच संख्येवर थांबतो. हे वाक्य ठळक केलं. मॅक्सिमात पूर्णांक मेमरी असेल तेवढा मोठा होतो, म्हणून अशा कामाला मॅक्सिमा. ऑक्टेव्ह वाईट असं कुठंही लिहायचं नाही, असं मी दोघींना बजावलं. मॅट्रिक्स आणि आकडेमोडीच्या कामाला तोच बरा. मॅक्सिमातही कुणी त्याच संख्यांच्या मागं टिंब-शून्य लावलं की तोही दशांशात शिरतो आणि तोच शून्य देतो, हे उदाहरण पानाच्या शेवटी घातलं.

सरांनी लाल शाईनं एकच दुरुस्ती केली: 'भास्कराचार्य चुकले की ऑक्टेव्ह?' हे शीर्षक करा म्हणाले. केलं. पानाच्या डोक्यात जुनं शीर्षकही शोधासाठी आहेच.

१७ ऑगस्ट, रविवार

लॅबमध्ये नेट नसलेल्या दोन महाविद्यालयांनी पीडीएफ मागितली. पॅनडॉक या रूपांतराच्या प्रोग्रॅमनं मार्कडाउनमधून, झीलेटेक्स हे पानं जुळवणारं इंजिन लावून. नेहमीच्या पीडीएफलेटेक्सकडून देवनागरीचं काम होत नाही. फॉन्ट नीट नेमला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. कमांडसाठी वेगळा, सारख्या रुंदीचा फॉन्ट, त्यात शून्य आणि ओ वेगळे दिसतील असा. बाकी कंटाळवाणं काम, झालं.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती, त्यामुळे आज जे आहे ते बाहेर सोडलं. लॉगचं पान शेवटच्या क्षणी आत गेलं: लॉग १०० तसाच छापला जातो, फ्लोट केला की ४.६०५ येतो, २ येत नाही, कारण मॅक्सिमाचा लॉग ई पायाचा. अकरावी-बारावीचे लॉगटेबल १० पायाचे, म्हणून लॉग १० नं भागायचं.

त्रिघाती समीकरणाच्या पानावरून सर आणि मी अजून भांडतोय. एक्स घन वजा तीन एक्स अधिक एक बरोबर शून्य. सॉल्व्ह घनमुळांनी भरलेलं, काल्पनिक आय असलेलं लांबलचक उत्तर देतो, आणि पोरं घाबरून पुसून टाकतात. आलेख काढला तर तिन्ही मुळं वास्तव: साधारण १.५३२, ०.३४७ आणि −१.८७९. उत्तर बरोबरच आहे. तिन्ही मुळं वास्तव असली आणि एकही परिमेय नसलं की मूळचिन्हांनी ती लिहिताना आय टाळताच येत नाही. सरांचं म्हणणं, हे गणिताचं पान झालं, मदतीचं नव्हे. मी म्हणते, पोरगं अडलं ते इथेच. तात्पुरतं ठरलंय: वर 'ऑलरूट्स'ची (सगळी मुळं दशांशात देणाऱ्या फंक्शनची) एक ओळ आणि दशांशातली तीन उत्तरं, खाली त्रिघाती समीकरणाच्या कार्डानोच्या सूत्राचा परिच्छेद सरांनी लिहायचा, अर्ध्या पानात बसेल एवढाच. गणपती विसर्जनानंतर मजकूर द्यायचं त्यांनी कबूल केलंय.